यादीत नसलेली मुले

आपल्या मंडळाकडे याद्या पुष्कळ आहेत. आजीव सभासदांची आहे, दहावी-बारावीत चमकलेल्या मुलांची आहे, पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्या ज्येष्ठांची आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीदारांची तर तीन पिढ्यांपासूनची आहे. वधू-वर सूचीत गोत्र, नाडी, उंची आणि पगार सगळे नीट लिहिलेले असते. एकच यादी आपल्याकडे नाही. आपल्याच घरांतली जी मुले चालू शकत नाहीत, ज्यांचे हात मनासारखे वळत नाहीत, ज्यांना सांगायचे खूप असते पण शब्द फुटत नाही, अशा मुलांची यादी आपण कधी केली नाही.

अशी मुले आपल्यात नाहीत असे मात्र नाही. सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन असे धरले जाते. ज्या प्रसूतिगृहात वर्षाला दोन हजार बाळंतपणे होतात, तेथून दरवर्षी अशी चार ते सहा मुले घरी जातात. रामबाग, नारायण बाग आणि राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यांना हा हिशेब लागू नाही, असे मानायला काही आधार नाही. मुले आहेत, पण ती आतल्या खोलीत आहेत. हळदीकुंकवाला आई येते, मूल येत नाही. आपणही चौकशी करत नाही आणि त्यालाच सभ्यता समजतो.

या पत्रकात एरवी भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क, मराठी शाळांची दुरवस्था, नगर निगमचे राजकारण असे विषय असतात. येथे हा दवाखान्याचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे म्हणणे असे की हा विषय जितका दवाखान्याचा आहे तितकाच नोंदीचा आणि हक्काचाही आहे. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही, हे या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहा, असे आपण घरोघर जाऊन सांगतो ते कशासाठी?

हे आहे तरी काय?

सेरेब्रल पाल्सीला मराठीत ‘मेंदूचा पक्षाघात’ म्हणतात. या नावाने थोडी गल्लत होते, कारण पक्षाघात म्हटले की म्हातारपणी होणारा लकवा डोळ्यांपुढे येतो. येथे गोष्ट वेगळी आहे. मेंदूची वाढ चालू असताना, म्हणजे गर्भात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत, त्याला इजा होते किंवा त्याची घडण बिघडते. परिणामी हालचालीवर आणि शरीराच्या ठेवणीवर ताबा राहत नाही. बहुतेक मुलांत स्नायू ताठ असतात. काहींचे हातपाय इच्छेविरुद्ध वळवळतात, काहींचा तोल जातो. कोणाची शरीराची एकच बाजू अधू असते, कोणाचे मुख्यतः पाय, तर कोणाचे चारही हातपाय.

यातील एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. मेंदूतली इजा वाढत नाही, पण शरीर वाढत असते. हाड लांबते आणि ताठ स्नायू त्याबरोबर लांबत नाही. मग टाच उचललेली राहते, गुडघा वाकतो, पाठीला बाक येतो, खुबा आपल्या वाटीतून हळूहळू सरकतो. ‘इजा आता वाढणार नाही’ याचा अर्थ ‘आता काही करायला नको’ असा घेतला, तर मुलाचे वर्षागणिक नुकसान होत राहते.

दुसरी गोष्ट बुद्धीची. ऑस्ट्रेलियातील संशोधक आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून जो आढावा घेतला, त्यानुसार यांतील साधारण निम्म्या मुलांना बौद्धिक अडचण असते, म्हणजेच निम्म्यांना ती नसते. चारातील एकाला बोलता येत नाही, तिघांतील एकाला चालता येत नाही, चारातील एकाला फिट येतात. आणि चारातील तिघांना वेदना असतात. हा शेवटचा आकडा वाचून आम्ही थबकलो. आपण ज्याला ‘किरकिर’ म्हणतो, ती पुष्कळदा दुखण्याची तक्रार असते. सांगायला तोंड नाही म्हणून ती रडण्यातून बाहेर पडते.

शब्द स्पष्ट नाहीत म्हणून समज नाही, ही आपली जुनी चूक आहे. मुंबईच्या मालिनी चिब यांचे उदाहरण सर्वांसमोर आहे. त्यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. तिच्यातूनच स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, जी पुढे ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मालिनी मुंबईत पदवीधर झाल्या, पुढे लंडनला उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करत ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक मूल पुस्तक लिहील असे आम्ही म्हणत नाही. पण कोणते मूल लिहू शकेल हे पाळण्यात पाहून ठरवणारे आपण कोण?

दोष कोणाचा?

मूल असे जन्मले की आपल्या घरांत पहिला प्रश्न उपचाराचा नसतो, दोष कोणाचा हा असतो. सुनेने ग्रहणात भाजी चिरली, नको तेव्हा प्रवास केला, माहेरच्यांनी काही लपवले. हे अजून बोलले जाते, आणि शिकलेल्या घरांतही बोलले जाते. ग्रहणाचा आणि मेंदूच्या इजेचा काडीचाही संबंध नाही.

लंडनचे शल्यवैद्य विल्यम जॉन लिटल यांनी १८६१-६२ च्या सुमारास या अवस्थेचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. पुढे १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी शंका काढली, की अवघड बाळंतपण हे अनेकदा कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचा परिणाम असू शकते. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध होण्याआधी ते मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. पुढच्या संशोधनाने त्यांची शंका बऱ्याच अंशी खरी ठरवली. आज माहीत असलेली कारणे अनेक आहेत: दिवस पूर्ण होण्याआधी जन्म, फार कमी वजन, गर्भारपणातील जंतुसंसर्ग, गर्भातच मेंदूची घडण चुकणे, जन्मतः गुदमरणे, नवजात बाळाची हाताबाहेर गेलेली कावीळ, पहिल्या महिन्यांतला मेंदूज्वर. आपल्या देशात गुदमरणे, कावीळ आणि संसर्ग यांचा वाटा अजून मोठा आहे, आणि तो चांगल्या व्यवस्थेने कमी होण्यासारखा आहे. बाळ पिवळे दिसत असेल तर त्याला नुसते कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहू नये, रक्त तपासून निळ्या दिव्याखाली ठेवण्याचा निर्णय डॉक्टरांना त्याच दिवशी घेऊ द्यावा, एवढे जरी प्रत्येक आजीने मनावर घेतले तरी काही मुले वाचतील. मुदतपूर्व बाळंतपण अटळ दिसत असताना आईला दिलेल्या मॅग्नेशियम सल्फेटमुळे हा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, हेही सिद्ध झाले आहे.

आता भावंडांच्या लग्नाचा प्रश्न. मूल लपवण्याचे मोठे कारण हेच असते, हे आपण सगळे जाणतो. बहुसंख्य मुलांत ही अवस्था घराण्यात चालत आलेली नसते. अलीकडच्या तपासण्यांत काही मुलांत जनुकीय कारणे सापडली आहेत, पण त्यांतलीही पुष्कळशी त्या मुलात नव्यानेच उद्भवलेली असतात. शंका असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धाकट्या बहिणीचे स्थळ मोडण्याचे हे कारण होऊ शकत नाही, आणि आपल्या वधू-वर मंडळाने तसे उघडपणे सांगितले पाहिजे.

पहिली पाच वर्षे

‘थोडा उशीर होतो काही मुलांना’, ‘याचे काकासुद्धा दोन वर्षांचे होऊन चालले’ ही वाक्ये प्रेमाने म्हटली जातात आणि त्यात महिने निघून जातात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ६५७ मुलांच्या हालचालींचा मागोवा घेऊन २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उठणे, बसणे, चालणे या क्षमतेचा सुमारे नव्वद टक्के पल्ला ही मुले पाच वर्षांच्या आतच गाठतात, आणि ज्यांची अवस्था अधिक गंभीर ती तर तीन वर्षांच्या आत, असे त्यात दिसले. नंतर शिकता येत नाही असा याचा अर्थ नाही. हातांचे काम, बोलणे, अभ्यास, स्वावलंबन आयुष्यभर वाढत राहते. पण पहिल्या वर्षांत घालवलेला वेळ फार महाग पडतो.

२०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी दाखवून दिले, की बाळाच्या हालचालींचे शास्त्रीय निरीक्षण, मज्जासंस्थेची तपासणी आणि मेंदूचा एमआरआय यांच्या साह्याने पुष्कळ मुलांत हा धोका सहा महिन्यांच्या आत ओळखता येतो. घरच्यांनी लक्ष द्यावे अशा खुणा साध्या आहेत: चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे, आणि वर्षाच्या आत एकच हात वापरणे. ‘डावखुरा दिसतोय’ म्हणून या शेवटच्या खुणेचे कौतुक होते. एवढ्या लहान वयात एकाच हाताला पसंती नसते. दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

उपाय आणि बाजार

ही अवस्था पूर्ण बरी करणारे औषध आज जगात कोठेही नाही. हे वाक्य कटू आहे, पण ते लपवल्यामुळे जे होते ते त्याहून कटू आहे. मूळ पेशींच्या इंजेक्शनांसाठी लाखो रुपये मोजलेली, दागिने मोडलेली घरे आमच्या ऐकिवात आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळ पेशींचा उपचार रक्ताच्या काही ठराविक विकारांतच मान्य आहे. बाकी सर्व ठिकाणी तो रीतसर मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून जो पैसे मागतो त्याच्याकडे मंजुरीचा कागद मागावा. जास्त दाबाच्या प्राणवायूच्या पेटीचेही तसेच. त्या पेटीने विशेष फायदा होत नाही, हे कॅनडातील चाचणीने २००१ सालीच दाखवले होते. तरी ती पेटी अजून विकली जाते.

मग उपयोगी काय? जे उपयोगी आहे ते साधे, रोजचे आणि चिकाटीचे आहे, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. मुलाने स्वतः करायचे एक छोटे काम ठरवावे. पेला धरणे, सदऱ्यात हात घालणे, खुर्चीतून उठून उभे राहणे, असे काहीही. ते काम घरातच, रोजच्या जागी, रोजच्या वस्तूंनी पुन्हापुन्हा करवून घ्यावे. दुसऱ्याने हातपाय हलवून देण्यापेक्षा मुलाने धडपडून स्वतः हलवण्याचा उपयोग अधिक होतो. ज्याची एक बाजू अधू आहे त्याच्या चांगल्या हाताला रोज ठराविक वेळ हातमोजा घालून अधू हाताला कामाला लावणे, ही पद्धत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चांगली उपयोगी पडते. ताठ स्नायूंसाठी बोट्युलिनमची इंजेक्शने, प्लास्टर, पायाचे स्प्लिंट, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, हे सर्व आहे. नीट बसवणारी खुर्ची हाही उपचारच आहे. मुलाला आडवे ठेवून भरवू नये. पाठ ताठ आणि मान किंचित पुढे ठेवून भरवावे, नाही तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. फिटचे औषध मनाने बंद करू नये. तेलाने चोळणे मुलाला सुखाचे वाटत असेल तर जरूर करावे, फक्त त्याने मूल चालेल अशी आशा धरू नये.

एका नोंदवहीने काय होते?

आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. वर खुबा सरकण्याचा उल्लेख आला आहे. सरकता सरकता तो पूर्ण निखळला की बसणे, झोपणे, लंगोट बदलणे, सगळेच वेदनेचे होऊन बसते. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ साली एक कार्यक्रम सुरू झाला. त्या भागातील सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद करायची, ठराविक काळाने तपासणी आणि खुब्याचा एक्स-रे काढायचा, सरकताना दिसला की वेळेत उपाय करायचा, एवढाच तो कार्यक्रम. त्याआधी तेथे दहांतील जवळजवळ एका मुलाचा खुबा निखळत असे. नोंद आणि पाठपुरावा सुरू झाल्यावर हे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले. त्यासाठी कोणतेही नवे औषध निघाले नव्हते. एक्स-रेचे यंत्र तर आपल्या तहसिलीच्या दवाखान्यातही असते. आपल्याकडे नाही ती नोंदवही, आणि तारीख आली की ‘या’ म्हणून कळवणारा माणूस.

इंदूरकर या नात्याने हे आम्हाला अधिकच लागते. आपले शहर २०१७ ते २०२३ सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिले आले. कचऱ्याची गाडी रोज प्रत्येक दारात येते. कोणत्या घराने ओला-सुका कचरा वेगळा केला नाही हे निगमला माहीत असते. त्याच घरात सहा वर्षांचे मूल चार वर्षांपासून खाटेवर आहे, हे मात्र निगमला, राज्य शासनाला आणि आपल्या मंडळालाही माहीत नसते. दारापर्यंत जाण्याची क्षमता या शहरात आहे. दारात कशासाठी जायचे, हा इच्छेचा प्रश्न आहे आणि म्हणून राजकारणाचा आहे.

कायदा आहे, पण…

कायद्याची उणीव नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. या न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २०१७ पासून लागू आहे. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव केल्या, त्यांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्याची पाच वर्षांची मुदतही त्या कायद्यात होती, ती २०२२ मध्येच उलटून गेली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा तपासणी होते. पण आपली बहुतेक मुले अंगणवाडीत जात नाहीत आणि सरकारी शाळेतही नाहीत. ती त्या जाळ्यातून निसटतात, आणि खासगी दवाखान्यात एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात.

हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितला तर मिळू शकतो. कोलकात्याच्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत त्या गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर ‘तब्येत बरी दिसत नाही’ या सबबीखाली त्यांना खाली उतरवण्यात आले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१६ च्या मे महिन्यात न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि दया व सन्मान यांतला फरक विमान कंपन्यांना समजावून सांगितला. त्यांना त्या परिषदेला जाता आले नाही, पण त्यांच्यामागून प्रवास करणाऱ्या कितीतरी जणांची वाट सोपी झाली.

निगमची मागची निवडणूक २०२२ साली झाली. पाच वर्षांच्या हिशेबाने पुढची २०२७ मध्ये येते. मराठी मतांसाठी सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या गणपतीला येतील, आरती करतील, नारळ घेऊन जातील. या वेळी नारळासोबत त्यांच्या हाती एक कागदही द्यावा, अशी आमची सूचना आहे. त्यावर चार मागण्या असाव्यात.

पहिली, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या प्रत्येक बाळाचा दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा व्हावा, मग तो कक्ष सरकारी असो की खासगी. दुसरी, जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वाचा-उपचार या तिन्ही जागा भरलेल्या राहाव्यात, आणि भरल्या आहेत की नाहीत हे फलकावर लिहिलेले असावे. तिसरी, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची जिल्हावार नोंदवही असावी आणि खुब्याचा एक्स-रे नियमित व मोफत व्हावा. चौथी, अपंगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डासाठी वॉर्डातच शिबिर भरावे, म्हणजे मुलाला कडेवर घेऊन आईला चार खिडक्या फिराव्या लागणार नाहीत.

उमेदवारांना हेही सांगावे की ही मुले मोठी होतात आणि मतदार होतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदान करण्याची सोय देशभर होती. सोय झाली तर मत पडते, हे पक्षांना लवकर समजते.

भाषेचा एक मुद्दा

हा मुद्दा आपल्यासारख्यांचाच आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, थेरपिस्ट बोलतात हिंदी. बोलायला उशीर लागणाऱ्या मुलाच्या आईबापांना हमखास सांगितले जाते, ‘घरातही एकच भाषा ठेवा, मूल गोंधळेल.’ मग आईबाप मराठी बंद करतात. आजीला हिंदी धड येत नाही, ती मुलाशी बोलायचीच थांबते. विकासात अडचणी असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे नुकसान होते असे आढळलेले नाही. ज्या भाषेत घर हसते, रागावते, गाणी म्हणते, ती त्या मुलापासून काढून घेणे मात्र नक्कीच नुकसानीचे आहे.

ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी चित्रांची पाटी करतात. मूल बोटाने, नजरेने किंवा मान हलवून चित्र दाखवते. बाजारात मिळणाऱ्या पाट्या हिंदी-इंग्रजी असतात. मराठी पाटी करायला पुठ्ठा, चित्रे आणि एक दुपार पुरते: पाणी, भूक, दुखतंय, शू, झोप, आजी, बाहेर, अजून. आणि एक चित्र न विसरता लावावे, ‘नको’ असे. आयुष्यभर सगळे दुसऱ्यांच्या हातून होणाऱ्या मुलाला ‘नको’ म्हणता येणे ही फार मोठी गोष्ट असते. आपल्या चित्रकला वर्गाने यंदा स्पर्धेऐवजी अशा पन्नास पाट्या कराव्यात.

आपण काय करावे?

शासनाकडे बोट दाखवताना आपल्या दाराकडेही पाहू. आपल्या मंडळाच्या सभागृहाला पायऱ्या आहेत, उतार नाही. सर्वमान्य प्रमाण एकास बाराचे आहे, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट उतार. दोन पायऱ्या असतील तर बारा फूट. एका वर्षीच्या मंडप-रोषणाईच्या खर्चातून हे काम निघेल. उत्सवात मंडपाशेजारी सुतळी बॉम्ब लावू नयेत. ताठ स्नायूंचे मूल अचानक आवाजाने अंगभर दचकते आणि पुन्हा सैल व्हायला त्याला वेळ लागतो. आणि महिला मंडळाने आठवड्यातून एक संध्याकाळ अशा घरी दोन तास सोबत द्यावी. त्या आईला भाजी आणायला, देवळात जायला किंवा नुसते झोपायला दोन तास मिळावेत, एवढेच.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी. आपल्या कितीतरी घरांतली धडधाकट मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशात गेली. वाड्यात राहिले सत्तरीचे आईबाप आणि चाळिशीचा तो मुलगा, ज्याला अजून उचलून न्हाणीघरात न्यावे लागते. ‘आमच्या पश्चात याचे काय’ हा प्रश्न ते कोणाला विचारत नाहीत, पण रोज रात्री तोच घेऊन झोपतात. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार, अठरा वर्षांनंतर ज्याला स्वतःचे निर्णय घेणे शक्य नाही अशा व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. हे काम आईबाप हयात असतानाच करावे. ज्याची समज शाबूत आहे त्याच्यावर मात्र पालक लादू नये, त्याला विचारावे. आपल्या सभासदांत वकील आहेत, निवृत्त बँकवाले आहेत. अर्ज, मृत्युपत्र, खात्यावरचे नामनिर्देशन या कामात त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा.

आमच्या सूचनेवर आक्षेप येईल हे आम्ही जाणतो. घरची गोष्ट घरात राहावी, यादी झाली की चर्चा होईल, असे म्हटले जाईल. म्हणून स्पष्ट सांगतो: ही यादी स्मरणिकेत छापायची नाही, सभेत वाचायची नाही. ती दोन जबाबदार व्यक्तींकडे कुलपात राहील, ज्या घराची इच्छा असेल त्याच घराचे नाव त्यात येईल, आणि म्हटल्याबरोबर काढलेही जाईल. पुढच्या एक्स-रेची तारीख, विम्याच्या नूतनीकरणाची तारीख आणि त्या घराला आत्ता काय हवे आहे, एवढेच तिच्यात असेल.

येत्या वार्षिक सभेत या नोंदवहीचा ठराव मांडला जावा. हात वर करताना कोणी दयेने करू नये. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आपले सभासद आहे, त्याच्या आजोबांनी या मंडळाची पावती फाडलेली आहे. त्याचे नाव वहीत येणे ही उशिरा झालेली दुरुस्ती आहे, आणि ती याच वर्षी व्हावी.